जमिनीचे माप : काठी कोणाची?

वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावरून आपण वाङ्मय, इतिहास, अध्यात्म, राजकारण असे भारदस्त विषय ऐकत आला आहात. त्या पंक्तीत आज मी गुंठे, एकर आणि आर घेऊन उभा राहिलो आहे, याबद्दल प्रथम आपली क्षमा मागतो. कोष्टक म्हटले की आपल्याला शाळेतली छडी आठवते. माझे आयुष्य गणित शिकवण्यात गेले, तेव्हा त्या छडीचा काही दोष माझ्याकडेही येतो. पण मी आज कोष्टक पाठ करून घेण्यासाठी आलेलो नाही. कोष्टक आता प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये आहे. आकडा घातला की क्षणात दुसरा आकडा बाहेर पडतो. मला सांगावयाचे आहे ते निराळेच. आकडा बाहेर पडतो, परंतु त्या आकड्यामागची काठी कोणाची, हे ते यंत्र आपल्याला विचारीत नाही. आणि आपणही स्वतःला विचारीत नाही. त्या न विचारलेल्या एका प्रश्नापायी घरे कशी दुभंगतात, याचे एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे. तेथूनच आरंभ करतो.

आमच्या गावापासून दोन कोसांवर, कालव्याच्या काठी दोन भावांची सामाईक जमीन होती. वडिलांनी ती विकत घेतली तेव्हाच्या खरेदीखतात क्षेत्र लिहिले होते ‘२ एकर ० गुंठे’. वडील गेल्यावर वाटणीची वेळ आली. थोरल्याने जुने खत पुढे ठेवले आणि म्हणाला, “ऐंशी गुंठे आहेत, चाळीस तुझे, चाळीस माझे.” हिशेब सरळ होता. पण धाकट्याने सातबाऱ्याचा नवा उतारा काढून आणला होता. त्यावर क्षेत्राच्या रकान्यात ०.८१ असा आकडा होता. तो म्हणाला, “दादा, कागदावर एक्याऐंशी आहे. तुम्ही ऐंशीच वाटताय. मधला एक गुंठा कुठं गेला?”

थोरल्याच्या बाजूला विहीर होती. विहिरीजवळची जागा म्हणजे सोन्याचा तुकडा. धाकट्याच्या मनाने घेतले की तो एक गुंठा विहिरीच्या कडेला, थोरल्याच्या हद्दीत दडलेला आहे. थोरल्याला वाटले, ज्याला अंगाखांद्यावर खेळवले तोच आज आपल्याला चोर ठरवतो आहे. दोन दिवाळ्या गेल्या, एका घरचा फराळ दुसऱ्या घरी गेला नाही. हा हरवलेला गुंठा कोठे गेला, हे शेवटी सांगेन. तो शोधण्यासाठी आपल्याला थोडे लांबून, पार नाशिकच्या लेण्यांपासून चालत यावे लागणार आहे.

प्रथम एक लहानशी गोष्ट स्पष्ट करून घेऊ. ‘दहा चौरस फूट’ आणि ‘दहा फूट चौरस’ हे दोन शब्दप्रयोग आपण बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. पण दहा चौरस फूट म्हणजे एकेक फूट लांबीरुंदीच्या दहा फरश्या. आणि दहा फूट चौरस म्हणजे प्रत्येक बाजू दहा फूट असलेली जागा, म्हणजे शंभर फरश्या. एका शब्दाची जागा बदलली की माप दहापट होते. याचे कारण असे की, क्षेत्र कोणालाही थेट मोजता येत नाही. आपण मोजतो ती लांबी. दोन लांब्यांचा गुणाकार करून क्षेत्र मिळवावे लागते. म्हणून जमिनीच्या प्रत्येक मापाच्या पोटात लांबीचे एक माप दडलेले असते. कोठे तो हात असतो, कोठे काठी, कोठे गज, कोठे साखळी, कोठे मीटर. ही लांबी सापडली की क्षेत्राचे कोडे आपोआप सुटते, आणि ती सापडली नाही तर कितीही कोष्टके घोकली तरी व्यर्थ.

याचाच एक परिणाम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. लांबीत शेकडा एकाची चूक झाली, तर क्षेत्रात ती शेकडा सुमारे दोनांची होते, कारण चूक लांबीतही शिरते आणि रुंदीतही. काठी बोटभर लहान असली तर तेवढ्याने काय बिघडते, असे म्हणणाऱ्याला शेताच्या दुसऱ्या टोकाला गेल्यावर उत्तर मिळते.

आता जुन्या काळाकडे वळू. नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेखांत सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने भिक्षूंना दिलेल्या जमिनीचा उल्लेख आहे, आणि तेथे क्षेत्र दिले आहे २०० निवर्तने. हे निवर्तन म्हणजे किती? पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त त्याची व्याख्या दिली आहे : दहा हातांचा एक वंश, म्हणजे बांबू, आणि ज्या चौरसाची प्रत्येक बाजू वीस वंश, ते निवर्तन. हात दीड फुटाचा धरला, तर भास्कराचार्यांचे निवर्तन सुमारे दोन एकरांचे होते. पण हात दीड फुटाचाच का धरावा? हात कोणाचा? सातवाहनांचा हात आणि भास्कराचार्यांचा हात एकच होता काय? शब्द हजार वर्षे तोच राहतो आणि त्याच्या आतली लांबी मात्र बदलत जाते, ही गोष्ट येथेच प्रथम दिसते.

शिवकालात आलो की हाच साचा पुन्हा भेटतो. अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली जी जमीनमोजणी झाली, तिच्यातील काठी पाच हात आणि पाच मुठींची होती. अशा वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद जागेचा एक बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. बिघ्याचा विसावा हिस्सा तो पांड. वीस वंशांचे निवर्तन आणि वीस काठ्यांचा बिघा, बांधणी एकच; बदलली आहे ती काठी. म्हणून आकार जुळला तरी क्षेत्र जुळत नाही. देशावरचा हा जुना बिघा पाऊण एकराहून थोडा अधिक भरे, असा ढोबळ अंदाज केला जातो. कोकणात तर पुष्कळ ठिकाणी काठीसुद्धा नव्हती. अमुक इतक्या भाताचे बियाणे जिरेल एवढी जमीन, हेच तेथले माप. त्यात जमिनीच्या आकारापेक्षा तिच्या कसाचा विचार अधिक होता, आणि ते मूर्खपणाचे मुळीच नव्हते. त्या मापाचे आज चौरस मीटर करू गेलो तर मात्र हाती काही लागत नाही.

उत्तरेत अकबराच्या काळी आणखी एक अडचण निघाली. तेथे मोजणीसाठी तागाची दोरी वापरीत. दोरी ओली झाली की आखडे, वाळली की लांबे. मोजणी करणाऱ्याला हे चांगले ठाऊक होते आणि तो त्याचा फायदाही घेई. दोरी आखडली की शेत कागदावर मोठे होते, आणि शेत मोठे झाले की सारा वाढतो. शेवटी दोरी टाकून बांबूचे तुकडे लोखंडी कड्यांनी जोडलेली जरीब आणण्यात आली. ही केवळ हत्यारातली सुधारणा नव्हती. रयतेचा सारा आकाशातल्या दमटपणावर अवलंबून राहू नये, एवढा न्याय तिच्यात होता.

तिथला बिघा साठ गज लांब व साठ गज रुंद. गज किती इंचांचा, यावर पुढे इंग्रजी अमदानीत वाद झाले आणि वायव्य प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, तो ३३ इंचांचा ठरवण्यात आला. साठ गज म्हणजे १६५ फूट. त्याचा वर्ग केला की ३,०२५ चौरस वार येतात, म्हणजे बरोबर पाचअष्टमांश एकर. आपल्या मापात तो बिघा नेमका २५ गुंठ्यांचा होतो. उलट बंगालचा बिघा १४,४०० चौरस फुटांचा, म्हणजे सव्वातेरा गुंठ्यांच्या आसपास. सौराष्ट्रात सोळा गुंठ्यांचा बिघा प्रचारात आहे. आता कोणी परप्रांतात जमीन घेऊ लागला आणि म्हणाला की पाच बिघे घेतले, तर त्याने १२५ गुंठे घेतले, की ८०, की ६६? मोबाईलला ‘बिघा’ एवढेच सांगितले, तर तो आपल्या मनाने एखादा बिघा धरून मोकळा होतो. दर मात्र विकणाऱ्याच्या मनातल्या बिघ्याचा असतो.

आता आपल्या गुंठ्याकडे येऊ. इंग्रज अमदानीत मुंबई इलाख्यातली पहिली मोठी मोजणी प्रिंगल यांनी केली आणि ती फसली. तिच्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पद्धत बसवली. १८३६ साली इंदापूर तालुक्यात या पद्धतीचे दर लागू झाले, आणि पुढे बहुतेक इलाखाभर तीच चालली. इंग्लंडात एडमंड गंटर याने १६२० च्या सुमारास जी साखळी प्रचारात आणली ती ६६ फुटांची होती. अशा दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. आपल्याकडे मोजणीला जी साखळी आली ती बरोबर तिच्या निम्मी, ३३ फुटांची. काटकोन साधण्यासाठी शंकू आणि लांबीसाठी ही साखळी, म्हणून त्या रीतीला ‘शंकूसाखळी’ असेच नाव पडले. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. म्हणजे गुंठा हे केवळ एकराचा चाळिसावा हिस्सा म्हणून काढलेले माप नव्हे. तो एका साखळीचा चौरस आहे. आणि मघाचा उत्तरेकडचा बिघा बरोबर २५ गुंठ्यांचा का भरला, तेही आता दिसेल : त्याची १६५ फुटांची बाजू म्हणजे आपल्या पाच साखळ्या, पाच पंचे पंचवीस.

या साखळीचे सोळा भाग केलेले असत आणि एकेका भागाला म्हणत आणा. एक साखळी लांब आणि एक आणा रुंद अशी पट्टी म्हणजे क्षेत्राचा एक आणा. सोळा आण्यांचा गुंठा. ज्या देशात सोळा आण्यांचा रुपया होता, तेथे हे माप कोणालाही शिकवावे लागले नाही. चलनातला आणा १९५७ साली दशमान नाणी आली तेव्हा मागे पडू लागला; जमिनीतला आणा अजूनही जुन्या कागदांतून आपल्याकडे पाहतो.

पण या आण्याने एक घोटाळाही करून ठेवला आहे. त्याच मोजणीत जमिनीची प्रतसुद्धा आण्यांत लिहीत. उत्तम, खोल, काळी जमीन सोळा आण्यांची. आणि तेथून खाली रंग व खोली पाहून, वाळू, चढउतार असे दोष वजा करीत, एकूण नऊ प्रती, शेवटची दोन आण्यांची. हा आणा कसाचा, क्षेत्राचा नव्हे. तिसरा आणा हिश्शाचा : सामाईक खात्यात कोणाचा चार आणे वाटा, कोणाचा बारा आणे. आणि चौथा पिकाचा. हंगाम किती पिकला याची आणेवारी काढीत. तिला आता पैसेवारी म्हणतात आणि ती पन्नास पैशांच्या आत आली की टंचाईची चर्चा सुरू होते. दहा एकरांत चार आणे हिस्सा असणाऱ्याची जमीन अडीच एकर होते. पण ‘चार आणे’ हे जर क्षेत्र असेल, तर ते गुंठ्याचा चौथा भाग, म्हणजे २७२ चौरस फूट, एखाद्या बऱ्या खोलीएवढे. जुना कागद वाचताना आणा दिसला की प्रथम विचारावे : बाबा, तू चौघांतला कोण?

गुंठ्याचा हिशेब येणेप्रमाणे आहे :

१ गुंठा = १,०८९ चौरस फूट = १२१ चौरस वार
४० गुंठे = १ एकर = ४३,५६० चौरस फूट = ४,८४० चौरस वार

एकर-गुंठ्यांच्या लिखाणात एक सापळा आहे. ‘१-५’ असे जुन्या कागदात असले तर ते एक एकर पाच गुंठे. हाच आकडा कोणी टिंब देऊन ‘१.५ एकर’ असा लिहिला की तो दीड एकर, म्हणजे एक एकर वीस गुंठे झाला. एका टिंबाने पंधरा गुंठे निर्माण केले! विदर्भाला लागून असलेल्या मध्य प्रदेशात व छत्तीसगडात एकराचे शंभर भाग करून त्याला डिसमिल म्हणतात. दक्षिणेत त्यालाच सेंट म्हणतात. तेथे १.०५ म्हणजे एक एकर पाच डिसमिल. आणि पाच डिसमिल म्हणजे अवघे दोन गुंठे. तेव्हा ‘पाच’ हा आकडा एकच असला तरी तो कोणत्या घरचा पाहुणा आहे, हे पाहिल्यावाचून त्याला पाट मांडू नये.

आता उरला तो मीटर, आणि आपल्या दोन भावांच्या भांडणाचे मूळ येथेच आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, राजाचा हात किंवा जमीनदाराची काठी नको, साऱ्या मानवजातीचे माप हवे, अशी भूमिका पुढे आली. पृथ्वीच्या ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यंश तो मीटर असे ठरले. १७९५ च्या फ्रेंच कायद्याने जमिनीसाठी ‘आर’ हे माप दिले : दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद जागा. असे शंभर आर म्हणजे एक हेक्टर. भारतात १९५६ साली वजनमापांचा कायदा होऊन दशमान पद्धती आली आणि क्रमाने जमिनीच्या दप्तरातही एकर-गुंठ्यांच्या जागी हेक्टर-आर आले. आज सातबाऱ्यावरचे क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर यांतच असते. ०.८१ म्हणजे शून्य हेक्टर, ८१ आर.

या पद्धतीचा गुण मोठा आहे. एकराचे चाळीस आणि गुंठ्याचे सोळा, असा आकड्यांचा लपंडाव तिच्यात नाही. सर्व शंभरांच्या पायऱ्या. पण आपल्याकडे एक चमत्कारिक योगायोग झाला. ३३ फुटांची साखळी मीटरमध्ये मोजली तर ती १० मीटर आणि वर जेमतेम पावणेसहा-सहा सेंटिमीटर भरते. म्हणजे इंग्रजी साखळी आणि फ्रेंच मीटर यांचा परस्परांशी काही संबंध नसताना, गुंठा आणि आर हे जवळजवळ सारखे निघाले. गुंठा १०१.१७ चौरस मीटर, आर १००. फुटांत सांगावयाचे तर गुंठा १,०८९ आणि आर १,०७६ चौरस फूट. फरक तेरा फुटांहूनही थोडा कमी.

हा फरक मोठा असता तर बरे झाले असते. कोणाची गल्लत झाली नसती. तो लहान आहे म्हणूनच घातक आहे. लोक सरसकट आरालाच गुंठा म्हणू लागले. सातबाऱ्यावर ४० आर दिसले की ‘चाळीस गुंठे, एक एकर’ म्हणून व्यवहार होतो. वस्तुतः एक एकर म्हणजे ४०.४७ आर. हेक्टर म्हणजे शंभर गुंठे, अडीच एकर, असे सर्रास बोलले जाते. वस्तुतः हेक्टर म्हणजे ९८.८४ गुंठे, म्हणजे दोन एकर आणि एकोणीस गुंठ्यांना थोडे कमी.

घरी जाताना एक सोपी किल्ली सोबत न्या :

८५ गुंठे = ८६ आर

हे समीकरण इतके बरोबर आहे की एवढ्या मोठ्या क्षेत्रात चूक अर्ध्या चौरस मीटरचीही नाही. गुंठ्यांचे आर करावयाचे तर आकडा वाढतो, आरांचे गुंठे करावयाचे तर कमी होतो. माप लहान झाले की संख्या मोठी होणारच. मोठ्या पायलीने मोजलेले धान्य लहान पायलीने मोजले की पायल्या अधिक भरतात, तसेच हे. आपले उत्तर उलट्या बाजूला गेले तर समजावे की कोठेतरी चूक झाली आहे. आणि गावठाणातल्या किंवा शहरातल्या जागेसाठी एवढेच लक्षात ठेवावे की एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट.

कोणी म्हणेल, शेकडा सव्वाचीसुद्धा भरत नाही अशी ही चूक, तिचे एवढे कौतुक कशाला? तर एक उदाहरण घ्या. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेला तो अल्पभूधारक, अशी सरकारी व्याख्या आहे. आपण बोलताना म्हणतो, पाच एकर म्हणजे दोन हेक्टर. पण पुरे पाच एकर म्हणजे २.०२ हेक्टर. म्हणजे ज्याच्याकडे खरोखर पाच एकर आहेत, तो सव्वादोन गुंठ्यांनी त्या रेषेच्या पलीकडे जातो. त्याच्या दृष्टीने हा फरक शेकड्याचा नसून या बाजूचा की त्या बाजूचा, असा आहे. कायद्याची रेषा अशीच असते. ती ‘जवळजवळ’ हा शब्द ओळखत नाही. आणि शहराच्या हद्दीला लागलेल्या जमिनीत, जेथे भाव चौरस फुटावर ठरतो, तेथे ‘एक एकर’ म्हणून ४० आर घेणाऱ्याला पाचशे चौरस फूट कमी मिळतात. पाचशे चौरस फुटांत लहान कुटुंबाचे बिऱ्हाड राहते.

मापाचा बदल अचूक केला तरी काम संपत नाही, हेही सांगून ठेवतो. कारण बदल करावयाचा तो आकडा मुळात बरोबर हवा. शेत क्वचितच चौरस असते. गावाकडची रीत अशी की समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढावयाची आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करावयाचा. ही रीत आपल्या देशात फार जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये तिची नोंद केली आणि तिला ‘स्थूल’ असे नाव देऊन ती सूक्ष्माहून वेगळी काढली. काटकोनी शेत सोडले तर या रीतीने क्षेत्र नेहमी अधिकच येते, कमी कधीच येत नाही. भास्कराचार्यांनी तर स्पष्टच बजावले आहे की चार बाजू दिल्या, पण कर्ण किंवा लंब दिला नाही, तर क्षेत्र ठरतच नाही.

त्याचा पडताळा पाहा. प्रत्येक बांध ६६ फुटांचा असे एक शेत घ्या. कोपरे काटकोनात असतील तर ते बरोबर चार गुंठे. आता तेच शेत असे कलते करा की समोरासमोरच्या जवळच्या दोन कोपऱ्यांतले अंतरही ६६ फूट भरावे. बांध तेच, त्यांची लांबी तीच. क्षेत्र मात्र साडेतीन गुंठ्यांहूनही कमी झाले. अर्धा गुंठा कोणी चोरला नाही, बांध कोणी रेटला नाही. तो केवळ तिरपेपणात गेला. म्हणून शेताचे त्रिकोण पाडावेत, प्रत्येक त्रिकोणाचा पाया व उंची मोजावी, त्यांच्या गुणाकाराची निमपट करावी आणि सर्वांची बेरीज घ्यावी. शंकूसाखळीवाले हेच करीत. आणि आजचे उपग्रहाधारित यंत्रही प्रत्येक कोपऱ्याची जागा टिपून शेवटी असेच गणित करते. हद्दीचा वाद असेल तेव्हा घरच्या गणितावर विसंबू नये. सरकारी मोजणी आणून हद्दीच्या निशाण्या कायम करून घ्याव्यात. घरचे गणित आपल्याला प्रश्न विचारण्यापुरते शहाणे करते, आणि तेवढे शहाणपण पुष्कळ झाले.

आता त्या दोन भावांकडे परत जाऊ. आपण सर्वांनी एव्हाना उत्तर ओळखलेच असेल.

मी त्या घरी गेलो तो मध्यस्थ म्हणून नव्हे, दोघेही माझे विद्यार्थी म्हणून. ओसरीवर एका बाजूला थोरला, दुसऱ्या बाजूला धाकटा, मध्ये जुने खत आणि नवा उतारा. मी धाकट्याला विचारले, “हे एक्याऐंशी काय आहेत?” तो म्हणाला, “गुंठे.” मी म्हटले, “कोठे लिहिले आहे गुंठे?” त्याने उतारा उलटसुलट पाहिला. गुंठा हा शब्द त्यावर नव्हताच. वर ‘हे. आर. चौ. मी.’ असे होते.

मग लग्नपत्रिकेच्या पाठीवर आम्ही हिशेब केला. दोन एकर म्हणजे ८० गुंठे. एक गुंठा १०१.१७ चौरस मीटर. ऐंशी गुंठे ८,०९४ चौरस मीटर, म्हणजे ८०.९४ आर. दप्तरात आकडा पूर्ण आरांत घेताना ८०.९४ चे झाले ८१. खत आणि उतारा दोन्ही एकाच जमिनीबद्दल, एकच गोष्ट सांगत होते. एक साखळीच्या भाषेत, दुसरा मीटरच्या. विहिरीच्या कडेला काही दडलेले नव्हते.

थोरला गप्प होता. धाकटा जरा वेळाने म्हणाला, “पण सर, ८०.९४ आणि ८१ यांत थोडा फरक राहतोच ना?” गणिताच्या शिक्षकाला असा विद्यार्थी आवडतो. फरक सहा चौरस मीटरांच्या थोडा वर होता. फुटांत केला तर ६८ चौरस फूट. आठ फूट लांब आणि साडेआठ फूट रुंद. आणि आमच्या जुन्या कोष्टकात पाहिले तर ते क्षेत्र जवळजवळ एक आणा होते. तोही आणा जमिनीत नव्हता. अपूर्णांक पुरा करताना कागदावर उमटलेला होता.

धाकट्याने पत्रिका हातात घेऊन आकडे पुन्हा एकदा वाचले आणि थोरल्याकडे न पाहताच म्हणाला, “म्हणजे दोन वर्षं आपण कशावरून भांडलो?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्या गणितात नव्हते. थोरल्याने आत हाक मारून चहा सांगितला, तीन कप. गेल्या दोन वर्षांत त्या ओसरीवर धाकट्यासाठी सांगितलेला तो पहिला चहा होता. वाटणी पुढे रीतसर मोजणी करून झाली. मने पूर्वीसारखी झाली की नाही, हे मला सांगता येणार नाही. दोन वर्षांत जे शब्द बोलले गेले, त्यांचे रूपांतर करणारे कोष्टक अजून निघालेले नाही.

श्रोतेहो, माझे सांगणे एवढेच. जमीन वाढत नाही, घटत नाही. बदलते ती काठी. निवर्तन असो, बिघा असो, गुंठा असो वा आर, आकडा समोर आला की प्रथम त्याची काठी विचारा : किती लांब, कोणत्या प्रांताची, कोणत्या काळची? आकड्यापुढे माप लिहिले नसेल तर तो आकडा अपुरा आहे असे समजून परत करा. आपण घरी गेल्यावर कपाटातला उतारा काढाल, तेव्हा क्षेत्राचा आकडा वाचण्यापूर्वी वरच्या ओळीतले ते तीन लहान शब्द वाचा. आपल्यापैकी एकाने जरी ते वाचले आणि मग भावाला काही विचारले, तर आजची संध्याकाळ सत्कारणी लागली असे मी मानीन.